वाफसा सहा दिवसांचा, ट्रॅक्टर चाळीस वर्षांचा

प्रश्न : आमच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत. आजोबांनी 40 वर्षांपूर्वी घेतलेला 35 एचपीचा आणि बाबांनी 25 वर्षांपूर्वी घेतलेला 45 एचपीचा. शेती 16 हेक्टर. मोठा मशागत करतो, छोटा मागून पेरतो. पेरणीचा वाफसा, म्हणजे मातीत पेरणीजोगी ओल, जेमतेम सहा दिवस टिकतो. बाबांनी यंदा कारभार माझ्या आणि धाकट्या भावाच्या हाती दिला, निदान तसं ते म्हणतात. गेल्या हंगामात मोठ्याचा क्लच दुसऱ्याच दिवशी बसला, पार्ट यायला पाच दिवस लागले, तोवर वाफसा गेला आणि निम्मं रान उशिरा पेरलं. छोट्याच्या सेल्फचा स्विच केव्हाच गेलाय, भाऊ खाली उभा राहून स्क्रू-ड्रायव्हर लावून तो चालू करतो. आता त्याला 90 एचपीचा, केबिन आणि स्क्रीनवाला नवा ट्रॅक्टर हवा आहे. बाबा म्हणतात, "या दोघांनी तुम्हाला मोठं केलं. एकही विकायचा नाही आणि कर्ज तर मुळीच काढायचं नाही." हिशेब मी ठेवते, ट्रॅक्टरही चालवते, म्हणून दोघंही मलाच विचारतात, "तू कोणाच्या बाजूने?" जुने ठेवावेत, विकावेत, की एकदाच मोठी उडी घ्यावी? आणि बाबांना न दुखवता हे कसं जमवावं?
— ट्रॅक्टरवर वाढलेली

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, ती म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. नव्याजुन्याचा वाद आणखी दोन महिने चालला तरी काही बिघडत नाही. हा प्रकार मात्र आजच बंद करा.

किल्लीने ट्रॅक्टर चालू करताना बहुतेक ट्रॅक्टरांत एक अट असते: क्लच दाबलेला हवा किंवा गिअर न्यूट्रलला हवा. नाहीतर सेल्फपर्यंत करंट पोचतच नाही. सेल्फच्या दोन टर्मिनलवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की ही अट बाजूला पडते आणि करंट थेट मोटरला जातो. गिअर पडलेला असेल तर इंजिनाबरोबर चाकंही फिरतात, इंजिन पकडतं आणि ट्रॅक्टर निघतो. त्या क्षणी तुमचा भाऊ कुठे असतो? पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे, मोठ्या चाकाच्या अगदी पुढ्यात, वाकलेला, एक हात इंजिनाशी. तो म्हणेल, "मी न्यूट्रल बघूनच लावतो." बघतही असेल. पण हॅन्डब्रेक ढिला झालेला जुना ट्रॅक्टर उतारावर उभा करताना आपण सगळेच गिअरमध्ये टाकतो, आणि काल संध्याकाळी तो उभा करणारा माणूस दुसराच कोणी असू शकतो. कदाचित तुम्हीच.

स्विच, रिले आणि चार हात वायर. तुमच्या अख्ख्या पत्रातली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. इतक्या जुन्या मॉडेलला न्यूट्रलची ती सोय मुळातच नसेल तर मिस्त्रीकडून क्लचच्या पेडलपाशी स्विच बसवून घ्या. टर्मिनलवर रबरी टोपण घालायला सांगा, म्हणजे मोह झाला तरी स्क्रू-ड्रायव्हर टेकायला जागा राहणार नाही.

दुसरी गोष्टही जिवाचीच आहे, आणि कोणता जुना ठेवायचा हे माझ्या मते तिच्यावरच ठरतं. दोन्ही ट्रॅक्टरांना सीटमागे रोल-बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी माणसाला वाचवणारी लोखंडी चौकट, आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरून नसावा असं धरतो. ट्रॅक्टर बाजूला कलंडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागे उलटतो हे मात्र पुष्कळांना खरं वाटत नाही. चिखलात मागची चाकं रुतली आणि क्लच झटक्यात सोडला, किंवा ओढायची साखळी ड्रॉबार (मागे खाली असलेली ओढायची पट्टी) सोडून वर टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) कानाला अडकवली, तर चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उठतं. उठायला लागल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ते परत खाली येण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. एवढ्या वेळात कोणाचाही पाय क्लचवर पोचत नाही. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली ती 1959 साली. म्हणजे आजोबांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा ही गोष्ट जगाला नवी नव्हती, फक्त सगळीकडे पोचली नव्हती.

त्या मॉडेलसाठी तपासून प्रमाणित केलेला रोल-बार मिळतो का, याची चौकशी दोन्ही ट्रॅक्टरांसाठी करा. कंपनीच्या पार्ट पुस्तकात बघा, डीलरला विचारा. वेल्डरकडून पाइप वाकवून केलेली चौकट चालणार नाही. ट्रॅक्टरचं वजन पडलं की ती दुमडते, आणि ती बसवण्यासाठी अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला भोकं पाडली किंवा टाके मारले तर तेही कमजोर होतं. रोल-बार बसला की सीटबेल्ट लावायचा. रोल-बार नसेल तर बेल्टही नको, कारण मग माणूस ट्रॅक्टरखालीच अडकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाऊ एचपी मोजतोय, बाबा आठवणी मोजताहेत. तुम्ही हिशेब ठेवता, तर वाफशाचे तास मोजा.

सूत्र सोपं आहे. ताशी किलोमीटर गुणिले अवजाराची रुंदी मीटरमध्ये, भागिले दहा: तासाला इतके हेक्टर. त्यातला साधारण पाचवा हिस्सा वळणं, डिझेल भरणं, अडकलेलं गवत काढणं यात जातो, म्हणून मशागतीला आलेल्या आकड्याच्या 80 टक्के धरायचे. तुमच्या 45 एचपीच्या मागे दीड मीटरचा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) असेल आणि ताशी तीन किलोमीटरने चालत असाल, तर तासाला 0.36 हेक्टर होतं. 16 हेक्टरला 44 तास लागतात. दिवसाला आठ तास खरं काम झालं तर साडेपाच दिवस. तुमचा वाफसा सहा दिवसांचा. म्हणजे जुना ट्रॅक्टर कमी पडत नाही, पुरतो, पण अर्ध्या दिवसाच्या फरकाने. एक पंक्चर किंवा दुपारची एक सर आली तरी गणित मोडतं. गेल्या वर्षी क्लच बसला तेव्हा ते मोडलंच.

हाच हिशेब 60 एचपी आणि दोन मीटरच्या रोटाव्हेटरचा करा. ताशी साडेतीन किलोमीटरने 16 हेक्टरला 29 तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडं जास्त. दोन दिवस हाती राहतात. 90 एचपी आणि अडीच मीटरचा केला तर 23 तास, तीन दिवसांच्या थोडं आत. 45 वरून 60 वर जाताना दोन दिवस वाचले, 60 वरून 90 वर जाताना एकही पुरता वाचत नाही. आणि वाचलेल्या त्या थोड्या वेळाचं तुम्ही करणार काय? मागून पेरणारा छोटा ट्रॅक्टर तर तोच आहे. पेरणी यंत्र 1.8 मीटर रुंद आणि वेग ताशी चार किलोमीटर धरला, बी-खत भरण्यात 30 टक्के वेळ गेला, तरी त्याला 32 तास लागतात. चार दिवस. 90 एचपीवाला तिसऱ्या दिवशी मशागत संपवून बांधावर उभा राहील आणि केबिनमधून पेरणी बघत बसेल. 60 एचपी मात्र पेरणीच्या बरोबरीने चालतो.

ही रुंदी आणि वेग मी अंदाजाने धरले आहेत. तुमचे खरे आकडे घाला. 50 मीटरवर दोन खुंट्या ठोका, नेहमीच्या गिअरला नेहमीच्या आरपीएमवर अवजार लावून मोबाइलवर वेळ घ्या. 60 सेकंद लागले तर वेग ताशी तीन किलोमीटर. घरातला अर्धा वाद या दोन खुंट्यांमध्येच मिटेल असा माझा अंदाज आहे, कारण हा आकडा भावाचाही नसेल आणि बाबांचाही नसेल.

भावाला वाटेल, मोठा घेतला तर पुढची सोय होईल. त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, वजन. या वर्गातला ट्रॅक्टर साधारण साडेतीन-चार टनांचा असतो, तुमचा छोटा त्याच्या निम्माच भरेल. टायरची हवा कमी ठेवून वरच्या थराचं दबणं आटोक्यात ठेवता येतं, पण खालचा थर किती दबेल हे प्रामुख्याने अ‍ॅक्सलवरच्या वजनावर ठरतं, आणि बरंचसं दबणं पहिल्याच फेरीत होऊन जातं. वाफसा पुरता यायच्या आत, "आपला मोठा आहे, निघेल," म्हणून रानात घातलेला जड ट्रॅक्टर निघतोही. त्याने दाबलेला खालचा थर नांगराच्या खोलीच्याही खाली असतो, तिथे तुमचं कोणतंच अवजार पोचत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाची. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच जणांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी तो स्वतःच जाळून टाकतो, पण त्यासाठी धूर चांगला तापायला हवा, म्हणजे इंजिनावर भार हवा. 90 एचपीच्या इंजिनाला वर्षातले चार दिवस भार आणि उरलेले दिवस रिकामी ट्रॉली, छोटा पंप, नाहीतर झाडाखाली नुसतंच घुरघुरणं दिलंत, तर फिल्टर तुंबतो, स्क्रीनवर दिवा लागतो आणि इंजिन आपली ताकद आपणच कमी करून घेतं. काही मॉडेलांत वरून युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. यात यंत्राचा दोष नाही, ते दिवसभर जड कामाला जुंपण्यासाठी बनवलेलं असतं. तुमच्या 16 हेक्टरांत त्याला पुरेसं काम नाही.

डिझेलचंही बघा. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबाने नोझलमधून जातं. जुन्या इंजिनाला काही शे बार पुरायचे, त्यामुळे पिंपातलं डिझेल, उघडं नरसाळं आणि त्यात अडकवलेला फडका यावर ते वर्षानुवर्षं चाललं. नव्याला त्या फडक्याचा एक धागा किंवा पिंपाच्या तळातलं पाणी पुरेसं आहे. ट्रॅक्टर बदलायच्या आधी झाकणाचं पिंप, नीट गाळणी आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर आणा. हे मी कोणालाही, कोणत्याही एचपीला सांगेन.

तेव्हा माझा कौल 60 एचपीच्या आसपासचा एक ट्रॅक्टर घेण्याचा आहे. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता शाफ्ट) असलेला. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. म्हणून गवत दाटलं की थांबावं लागतं, थांबलं की रोटाव्हेटरही थांबतो, आणि पुन्हा उचलताना क्लचची प्लेट घासली जाते. तुमचा क्लच यानेच गेला का हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण मिस्त्रीला जुनी प्लेट दाखवायला सांगा. पार एकसारखी झिजलेली असेल तर ती वयाने गेली. निळी पडलेली, जळलेली असेल तर ती घसरून गेली, आणि घसरण्याआधी पेडलच्या मोकळ्या चालीने (दाबताना सुरुवातीला पेडल जितकं रिकामं जातं तिने) बरेच दिवस इशारा दिलेला असतो. नवा ट्रॅक्टर येवो न येवो, या हंगामाच्या महिनाभर आधी ती चाल तपासा आणि वाफशाच्या दिवसांत अडवणारे पार्ट घरात आणून ठेवा. पाच दिवस क्लचने खाल्ले नाहीत, पार्टची वाट बघण्याने खाल्ले.

घेताना ब्रोशरवरच्या एचपीला भुलू नका. तो आकडा इंजिनाचा असतो. पीटीओपर्यंत येताना तो घटतो, 60 चे साधारण 50 उरतात, आणि रोटाव्हेटर चालतो तो या 50 वर. हा घोळ शंभर वर्षं जुना आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मोट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने घेतलेले ट्रॅक्टर जाहिरातीप्रमाणे चालेनात. पुढे तो विधिमंडळात निवडून गेला आणि 1919 साली कायदाच करून घेतला की चाचणीत उतरल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. 1920 पासून तिथल्या विद्यापीठात या चाचण्या चालू आहेत. आज ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या नियमांनुसार अनेक देशांत अशा चाचण्या होतात. डीलरकडे त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा आणि त्यात तीनच गोष्टी बघा: पीटीओचा एचपी, त्या ताकदीला तासाला किती डिझेल लागतं, आणि अवजार उचलणारी लिफ्ट किती वजन उचलते. अहवाल मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

अवजारांची काळजी फार करू नका. आजोबांच्या ट्रॅक्टरमागची तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसनची, 1939 च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरपासून ती जगभर पसरली आणि आजही तीच आहे. जुनी अवजारं नव्याला लागतील, फक्त पिना मोजा. खालच्या लिंकची पिन 22 मिलिमीटरची असेल तर ती श्रेणी एक, 28 ची असेल तर श्रेणी दोन. 60 एचपीचा बहुधा श्रेणी दोनचा असेल. छोट्या पिनेवर बुश, म्हणजे लोखंडी नळी, चढवून काम भागतं. पण दीड मीटरचा जुना रोटाव्हेटर 60 च्या मागे लावून खुश राहू नका, मग वाचणारे दोन दिवस वाचणार नाहीत. नव्या ट्रॅक्टरच्या खर्चात रुंद अवजाराचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. हे विसरलं जातं आणि मग नवा ट्रॅक्टर जुन्याच वेगाने काम करतो.

नवा की वापरलेला? बाबांच्या कर्जाच्या भीतीकडे बघता वापरलेला जरूर पाहा. सकाळी थंड इंजिनावर चालू करून दाखवा असं आधीच सांगून जा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर परत फिरा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तासांचं मीटर कमी दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा. जड अवजार उचलून इंजिन बंद करा आणि बोलत उभे राहा. अवजार हळूहळू खाली बसत असेल तर हायड्रोलिकमध्ये गळती आहे.

आणि बिघडला तर कोण दुरुस्त करणार, हे किमतीच्या आधी विचारा. इलेक्ट्रॉनिक्स जितकं जास्त, तितका गावातल्या मिस्त्रीचा हात आखडतो. शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर आपण दुरुस्त करता यावा म्हणून अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याला 2023 साली कायदा करावा लागला, इतकी ही अडचण खरी आहे. एरर कोड वाचायचं उपकरण कोणाकडे आहे, आणि वाफशाच्या दिवसांत ते किती तासांत रानात येतं? उत्तर "बघू" असं आलं तर दुसरं मॉडेल बघा.

पैशाबद्दल एकच कसोटी सांगतो. गेल्या पाच वर्षांचे हिशेब तुमच्याकडे असतील. त्यातलं सर्वांत वाईट वर्ष काढा, सरासरी नको. त्या वर्षी घरखर्च आणि बियाणं-खत भागवून जे उरलं त्यातून हप्ता गेला असता का? गेला असता तर कर्ज पेलतं. नसता गेला तर या हंगामात मशागतीचे ते चार दिवस 60 एचपीचा ट्रॅक्टर भाड्याने लावा. भाडं गेलं असं समजू नका, 60 एचपी तुमच्या रानात खरंच साडेतीन दिवसांत काम संपवतो का हे लाखमोलाचं उत्तर त्यात मिळेल.

आता बाबा. त्यांची दोन वाक्यं वेगळी करा. "कर्ज नको" हे वाक्य अनुभवाचं आहे, त्याला उत्तर वाईट वर्षाचा तो कागद. तो त्यांच्यासमोर मांडा आणि आकडे त्यांना खोडू द्या. "एकही विकायचा नाही" या वाक्यामागे मला माया दिसते, पण तेवढीच नाही. त्या दोन ट्रॅक्टरांना कुठे दुखतंय हे बाबांना आवाजावरून कळतं. घरातल्या कोणालाही कळत नाही ते त्यांना कळतं. स्क्रीनवर कोड दाखवणारं यंत्र आलं की ही जाणकारी एका दिवसात बिनकामाची होते, आणि नेमकं त्याच वर्षी त्यांनी कारभारही सोडलाय. त्यांना समजावत बसू नका, कामाला लावा. डीलर ट्रायलला तयार असेल तर आपलं अवजार जोडून, आपल्याच रानात, जिथे दरवर्षी ट्रॅक्टर दम खातो त्या कोपऱ्यात ट्रायल घ्या. तो कोपरा बाबांनी निवडायचा, स्टिअरिंगवर बाबांनी बसायचं. ते उतरून "हा ओढत नाही" म्हणाले तर तो घ्यायचा नाही, आणि हे ट्रायलच्या आधी भावाकडून कबूल करून घ्या.

कारभाराचंही एकदा स्पष्ट बोला. कर्जासाठी बाबांची सही आणि बाबांच्या नावची जमीन लागणार असेल तर त्यांच्या "नाही"ला पुरतं वजन आहे, कारभार कोणाकडेही असो. सही तुम्हा दोघांची असेल तर ऐकायचं सगळ्यांचं, ठरवायचं दोघांनी. कोण कोणाच्या बाजूने या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊच नका.

भावाला स्क्रीन हवीच असेल तर सरळ रेषेत चालवायला मदत करणारं साधं जीपीएस उपकरण वेगळंही मिळतं, कोणत्याही ट्रॅक्टरवर बसतं. फवारणीत दुबार पट्टे कमी होतात. त्यासाठी 90 एचपी लागत नाही.

राहिला प्रश्न दोन जुन्यांपैकी कोण जाणार याचा. कामाच्या हिशेबाने 45 एचपीचं काम नवा करील, म्हणून तो जायला हवा. आजोबांचा 35 राहावा: हलका आहे, तयार केलेल्या रानावर पेरणीला हलकाच बरा, डिझेल कमी पितो, आणि त्या काळच्या साध्या मॉडेलांचे पार्ट अनेकदा आश्चर्य वाटेल इतके सहज मिळतात. बाबांचं अर्धं मनही राखलं जातं. पण अट रोल-बारची. 35 ला प्रमाणित रोल-बार मिळाला तर तो ठेवा. नाही मिळाला आणि 45 ला मिळाला, तर उलटं करा: पेरणीला 45, आणि आजोबांचा ट्रॅक्टर सपाट अंगणात पंप किंवा जनरेटर फिरवायला. उतार, ट्रॉली, रुतलेली गाडी ओढणं ही कामं त्याला पुन्हा लावायची नाहीत. दोघांनाही मिळाला नाही तर वापरलेल्याच बाजारात रोल-बारवाला छोटा शोधावा लागेल, आणि ते बाबांना तुम्ही सांगायचं, भावाने नाही.

जाणारा ट्रॅक्टर लगेच विकू नका. नव्याबरोबर एक पूर्ण पेरणी होऊ द्या. नव्याच्या पहिल्या हंगामात काही ना काही अडतं, तेव्हा जुना दारात हवा. विकताना क्लच कधी बदलला, ऑइल कधी बदललं हे कागदावर लिहून द्या. पीटीओच्या शाफ्टवरचं कव्हर तुटलेलं असेल तर नवं बसवूनच द्या: 540 आरपीएमचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेढे घेतो आणि त्यात बाही अडकलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. रोल-बार नाही हेही घेणाऱ्याला तोंडावर सांगा, किंमत थोडी पडली तरी.